धाकूची बदली

जॉबरकाका कानांपेक्षा तळहाताने जास्त ऐकायचे. खोलीत आले की आधी उजवा हात भिंतीवर सपाट टेकवायचे, डोळे बारीक करायचे आणि मगच आमच्याकडे वळायचे. भिंतीपलीकडे दुसऱ्या शेटचा कारखाना होता, चोवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, दिवसभर चालू. आम्हाला तो नुसता खडखडाट. काका मात्र हात टेकवून सांगायचे, "एक लंगडतोय बग. त्यांचा जॉबर कुठं उलथलाय कोन जाने." थोड्या वेळाने चहा आणायला गेलेला अन्सार परत येऊन सांगायचा की पलीकडे खरंच एक लूम उघडून ठेवलाय.

जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा माणूस. काकांनी ते काम अडतीस वर्षं केलं, सगळं उभ्याने, आणि त्यात कान गेले. त्यामुळे बोलायचे ते ओरडूनच, मधे अजून लूम चालू असल्यासारखे. "काय गो बाय, जेवलीस का?" हा साधा प्रश्न ते असा विचारायचे की खालच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याने मान वर करून बघावं. खुर्ची दिली तर दोन मिनिटं टेकायचे आणि उठून परत उभे.

आम्ही म्हणजे मी आणि अन्सार. मी जवळच्याच वडपे गावची. आमच्या शेतात आता गोदाम उभं आहे, आणि त्या गोदामात सरळ नोकरी धरायची सोडून मी निजामपुऱ्यात येऊन कॉम्प्युटरवर खेळ बनवते, हे घरी अजून कुणाला पुरतं पटलेलं नाही. काका कामाला होते तो कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले, खाली प्लास्टिकच्या पिशव्यांचा साठा आला आणि वरचा, पूर्वी सुताच्या पेट्या ठेवायचा माळा शेटने आम्हाला भाड्याने दिला. किल्ली काकांकडे होती. ती द्यायला म्हणून आले ते थांबलेच. पहिला आठवडा मला वाटत होतं, शेटने आमच्यावर लक्ष ठेवायला माणूस बसवलाय. मग कळलं, शेटला पत्ताच नव्हता. काकांना घरी करमत नव्हतं, एवढंच.

आमचा खेळ एका साध्या शिपायाचा होता. जुन्या काळातला, एका लहानशा गडावरचा, नाव धाकू. राजा नाही, सरदार नाही, कुठल्या बखरीत ज्याच्या नावाची अर्धी ओळसुद्धा नाही असा. खेळणाऱ्याने धाकू व्हायचं. पहाटे टाक्यावरून पाणी आणायचं, नाचणीची भाकरी थापायची, वहाणेचा तुटलेला अंगठा शिवायचा आणि पाळी आली की दरवाजावर पहारा द्यायचा. लढाई नाही. शत्रू येणार येणार म्हणतात आणि येतच नाही. पहारा खऱ्या घड्याळाने चाळीस मिनिटांचा. तेवढा वेळ वाटेकडे बघत उभं राहायचं, मग खालून दुसरा शिपाई चढून येतो, भाला हातात घेतो आणि धाकू सुटतो. त्या दुसऱ्याला आम्ही 'बदली' म्हणायचो. शब्द काकांनीच दिलेला. कारखान्यात पाळी संपली की पुढच्या पाळीचा जो माणूस येऊन लूम ताब्यात घेतो, तो बदली.

खेळ तपासायला आम्ही धामणकर नाक्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमधली चार-पाच मुलं बोलावली होती. पहारा अर्धवट सोडायला एक बटण होतं. ते दाबलं की धाकू जागा सोडून जातो आणि हवालदाराच्या शिव्या खातो. पाचही जणांनी पाच मिनिटांत शिव्या खाल्ल्या. "दीदी, इसमें होता क्या है?" असं विचारून गेली, ती परत आली नाहीत. काका मागे उभे राहून बघत होते. "सरक जरा," म्हणाले, आणि उभ्यानेच माउस हातात घेतला. चाळीस मिनिटं ते जागचे हलले नाहीत. बदली आला, धाकू पायऱ्या उतरून गेला, तेव्हा कुठे काकांनी माउस सोडला.

"बदली आल्याबिगर हात सोडायचा न्हाय, बाय," ते म्हणाले. "तू तिकडं चहा पियाला गेलीस का हिकडं धागा तुटतो. मंग वारभर कापड गेलं समज."

त्या दिवसापासून ते आमचे तपासनीस झाले, आणि तपासनीस म्हणून ते एक संकटच होते. पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "हा मानूस खोटा हाय." का, तर धाकू पहाऱ्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा होता. "उभ्या मानसाचा एक पाय काम करतो, एक आराम करतो. मंग पाळी बदलतात. असा खांब होऊन कोन उभा राहातो?" त्यांनी स्वतः उभं राहून दाखवलं. अन्सारने मोबाइलवर त्यांच्या पायांचं अर्धा तास चित्रण केलं आणि धाकूला ते पाय दिले. आजही खेळ बघणारे लिहितात की शिपाई खरा वाटतो, पण का ते सांगता येत नाही. मला सांगता येतं.

स्वभाव मात्र काळजीचा. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि पंखा बंद केला का बघायला परत यायचे. धाकूची काळजी तर विचारू नका. "याच्या घरी कोन हाय?" एके दिवशी त्यांनी विचारलं. म्हटलं, आई आहे, बायको आहे. "मंग त्यांना कसं कळतं हा हाय का मेला?" धाकूला लिहिता येत नव्हतं आणि मी एवढा विचार केलाच नव्हता. दोन दिवस काका तोच प्रश्न घेऊन बसले. शेवटी अन्सारने एक मीठवाला तयार केला. तो बैल घेऊन गडावर येतो आणि धाकूचा निरोप गावाकडे नेतो. काका खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या भिंतीवर हात, आणि प्रश्न: "मीठवाला पोचला का?"

मी स्वतःही काही कमी नाही. लहानपणापासून मला अघटिताची वाट बघायची सवय आहे. जिवाला घोर लावून घेणारी दोन माणसं एका माळ्यावर जमली होती. अन्सार म्हणायचा, "आप दोनों के बीच बैठके मेरा बीपी बढ़ता है."

काकांना शुगर होती. पावणेएकला पोटात इन्सुलिनची सुई आणि एकला जेवण, हा नेम. डबा सकाळीच काकी बांधून द्यायच्या. एकदा काकी स्वतः तो शिडीसारखा जिना चढून वर आल्या. बुटक्या, घामाघूम, पदराने तोंड पुसत त्यांनी मला बाजूला घेतलं. "एक वाजला का त्यांना उठवत जा गो. कामात असले का भूक कळत न्हाय त्यांना. सुई टोचली आन् जेवले न्हाय, तर मानूस हातचा जातो. एकदा कारखान्यात असेच पडले व्हते." मी म्हटलं, "काकी, ती जबाबदारी माझी." खरंच घेतली मी ती. फोनवर एकचा गजर लावला. गजर झाला की काकांच्या शेजारी जाऊन उभी राहायचे आणि म्हणायचे, "काका, बदली आली." मग ते माउस सोडायचे आणि हात धुवायला जायचे. धाकूचा पहारा अर्धवट असला तर ते जेवेपर्यंत मी उभी राहायचे. आठ महिन्यांत यात एक दिवस खंड पडला नाही.

दरम्यान ठाण्याचा एक माणूस आमचा खेळ बाजारात आणायला तयार झाला. दोन वर्षं खपल्यावर कुणीतरी विचारत होतं, त्यामुळे त्याचा शब्द आम्हाला देवाचा. तो म्हणाला, "सगळं छान आहे, पण पहाऱ्यात ताण नाही. बदली वेळेवर येणार हे माहीत असेल तर भीती कसली?" पटलं मला. मी बदलीचं येणं नशिबावर टाकलं. चाळीस मिनिटं झाली की कॉम्प्युटर मनातल्या मनात चिठ्ठी काढणार. चिठ्ठी लागली तर बदली निघाला, नाही तर थोड्या वेळाने पुन्हा चिठ्ठी. अन्सारने तेव्हाच विचारलं होतं, "लिमिट डाली क्या? नहीं तो वो कभी नहीं आएगा." मी म्हटलं, उद्या घालते. इतक्या चिठ्ठ्यांनंतर बदली आलाच पाहिजे, ही मर्यादा घालायची राहून गेली. मी तपासताना घड्याळ पळवून तपासायचे, त्यामुळे बदली दर वेळी क्षणात हजर.

तो शुक्रवार होता. त्याच माणसाला भेटायला मी सकाळी ठाण्याला निघाले. नवा खेळ काकांच्या हवाली केला आणि त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "काका, एकच्या आत येते. नाही आले तर बटण दाबा आणि उठा. जेवून घ्या." "व्हय गो, जा तू," ते म्हणाले. अन्सार साडेबाराला नमाजला जातो, फोन बंद ठेवतो आणि शुक्रवारी जेवून अडीचला परततो. हे सगळं मला माहीत होतं. येताना कशेळीच्या पुलाअलीकडे एक कंटेनर आडवा झाला होता. बस जागची हलेना, उतरून धरायला रिक्षा नाही, पुढे-मागे नुसते ट्रक. तिथे माझ्या पर्समध्ये एकचा गजर वाजला.

मी काकांना फोन लावला. वाजला आणि थांबला. पुन्हा लावला. ते फोन एरवी छातीच्या खिशात ठेवायचे, कारण थरथर कळायची. पण "पहाऱ्यावर फोन न्हाय" हा त्यांचा स्वतःचा कायदा. खेळायला उभे राहिले की तो डब्याच्या पिशवीत जायचा. मी स्वतःला समजावत होते की बटण आहे, ते दाबतील. आणि मला पक्कं ठाऊक होतं की या माणसाने आठ महिन्यांत ते बटण एकदाही दाबलेलं नाही. मर्यादा घातली नाही, हे मला त्या पुलाअलीकडे, ट्रकच्या धुरात आठवलं. काकींचा नंबर काढला आणि लावायला अंगठा धजेना. काय सांगणार होते, मी विसरले म्हणून? तो फोन मी केला नाही. अन्सारला मात्र किती वेळा लावला त्याला गणती नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने उचलला. मी एवढंच म्हणू शकले, "चाचा. भाग."

पुढचं अन्सारने सांगितलेलं. काका उभे होते. एक हात भिंतीवर, एक माउसवर, शर्ट पाण्यातून काढल्यासारखा भिजलेला. सुई पावणेएकला घेतलेली, डबा बंद. हाक मारली तर नजर वळेना. हात ओढला तर सुटेना. "थांब... आला न्हाय अजून," एवढंच, तेही जडावलेल्या जिभेने. पडद्यावर धाकू तसाच दरवाजावर उभा, खालची वाट रिकामी. मग अन्सारला काय सुचलं कोण जाणे, तो त्यांच्यासमोर जाऊन ओरडला, "चाचा, मैं बदली हूँ! हटो, मैं आ गया!" काकांनी त्याच्याकडे बघितलं, माउस सोडला आणि त्याच्या अंगावर कोसळले. चहाच्या डब्यातली साखर त्यांच्या तोंडात भरून, त्यांना खांद्यावर घेऊन तो जिना कसा उतरला हे त्याला आजही आठवत नाही.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा काकी बाकड्यावर बसल्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तू व्हतीस ना गो एकला?" मी नकारार्थी मान हलवली. त्या थोड्या सरकल्या आणि मला बसायला जागा केली. ती जागा मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागली.

काका संध्याकाळी शुद्धीवर आले. मी पलंगाजवळ उभी राहून सगळं सांगून टाकलं, मर्यादेचं, चिठ्ठ्यांचं, उद्यावर ढकलल्याचं. हळू बोलायची सोय नव्हती. अख्ख्या वॉर्डाने माझी चूक ऐकली. काका कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"म्हंजे तो येनारच नव्हता?"

"नाही काका. कदाचित कधीच नाही."

काका म्हणाले, "बरं झालं मंग मी थांबलो. न्हायतर दरवाजा मोकळा पडला असता." चेष्टा करत असतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा नव्हती. मला तिथेच रडू फुटलं, आणि त्यांनी नेहमीच्या आवाजात नर्सला विचारलं, "हिला काय झालं?"

दुसऱ्याच दिवशी मी बदली वेळेवर आणला. चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस. ठाण्याचा माणूस म्हणाला, ताण गेला. म्हटलं, जाऊ दे. त्याने पुन्हा फोन केला नाही, खेळ पुढे आम्हीच बाहेर काढला. बदलीला तोवर चेहरामोहरा नव्हता. आम्ही त्याला काकांची चाल दिली. तो चढून येतो, आधी दरवाजाच्या भिंतीवर उजवा हात सपाट टेकवतो, मग भाला घेतो आणि म्हणतो, "जा, जेव. मी हाय." आवाजही काकांचाच. तो घेताना त्यांना चारदा सांगितलं की हळू बोला, चारही वेळा काच हादरली. शेवटी अन्सारने यंत्रावर तो आवाज बारीक केला. मागे पलीकडचे लूम ऐकू येतात, ते काढता आले नाहीत.

काका त्या शुक्रवारी गेले नाहीत, हे सांगायला हवं, कारण मी स्वतःलाच ते पुष्कळदा सांगितलंय. ते परत आले, जिन्यात तीन ठिकाणी थांबत, आणि आल्या आल्या भिंतीवर हात टेकवला. पुढचे सात महिने एकचा गजर झाला की मी शेजारी हजर असायचे. मग एका सकाळी ते घरीच गेले, अंघोळीला पाणी काढताना. हृदय बंद पडलं. मी डॉक्टरांना तीनदा विचारलं की आधीच्या त्या दुखण्याचा याच्याशी काही संबंध आहे का. तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा विचारायला तोंड झालं नाही.

दोन महिन्यांनी काकी माळ्यावर आल्या. किल्लीचा दुसरा जोड घरी सापडला होता, तो द्यायला. ज्या खुर्चीत काका दोन मिनिटांवर कधी बसले नाहीत, ती मी त्यांना दिली. म्हणाल्या, "ते काय करायचे हितं दिवसभर, मला दाव." मी पहाऱ्याचा शेवट लावला. धाकू दरवाजावर उभा, एक पाय काम करतोय, एक आराम. खालून बदली चढून आला. त्याने भिंतीवर हात टेकवला आणि माळ्यावर काकांचा आवाज आला, "जा, जेव. मी हाय." काकींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, चूक केली, नको होतं दाखवायला. धाकू पायऱ्या उतरून भाकरीकडे गेला. खेळ नेहमी धाकूच्या मागे जातो, पण काकींनी पडद्यावर बोट ठेवलं आणि मला दृश्य मागे दरवाजाकडे फिरवायला लावलं. दरवाजावर बदली एकटा उभा होता.

"आन् हे कवा जेवनार?" काकींनी विचारलं.

बदलीची बदली आम्ही केलीच नव्हती. एवढं सगळं होऊनही ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तो तिथे जन्मभर उभा राहणार होता.

"काकी, करते मी त्याचं काहीतरी. आज रात्री करते."

"कर," त्या म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसून राहिल्या. अन्सारने चहा आणला, तो निवला. मी दुसरा कॉम्प्युटर ओढला आणि कामाला लागले. साध्या साध्या ओळी चुकत होत्या, आणि प्रत्येक चुकीला मागे वळून बघावं तर काकी तशाच, पडद्यावरची ती पाठ सोडून दुसरीकडे न बघता. दीड तास गेला. मर्यादा घातली, ती तपासली, घड्याळ न पळवता. मग ते काकींसमोरच्या पडद्यावर चढवलं आणि खालच्या वाटेवर एक माणूस दिसला. तो चढून वर आला. बदलीने भिंतीवरचा हात काढला, भाला त्याच्या हातात दिला आणि आपल्या त्या चालीने पायऱ्या उतरत खाली गेला. दिसेनासा होईपर्यंत काकी बघत होत्या.

मग उठल्या, पदर खोचला, किल्ली टेबलावर ठेवली. जिन्याच्या तोंडाशी गेल्यावर भिंतीला हात धरून वळल्या.

"तू जेवलीस का गो?"

अडीच वाजून गेले होते. मी जेवले नव्हते.